बेसबॉलमध्ये बेस कोचने नेमकं कुठे उभं राहायचं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे: पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावपटूने गाठायच्या थांब्यांच्या) बाजूला, धावपटूंना इशारे देणाऱ्या कोचसाठी चौकट आखलेली असते, पण टीव्हीवर कोच बऱ्याचदा चौकटीबाहेरच उभा दिसतो. मग त्या चौकटीला काही अर्थ आहे का, आणि खेळ चालू असताना तो कुठवर जाऊ शकतो?

अर्थ आहे, आणि चांगलाच आहे. फक्त चौकटीच्या चारही बाजू सारख्या महत्त्वाच्या नाहीत. होम प्लेटकडची (फलंदाज उभा राहतो त्या जागेकडची) बाजू आणि मैदानाच्या आतली, म्हणजे फाउल लाइनकडची (होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या हद्दीच्या रेघेकडची) बाजू, या दोनच रेघांवर नियमाचा सगळा रोख आहे. कोच मागे सरकला किंवा एक पाय रेघेबाहेर टाकून उभा राहिला, तर सहसा कोणी हरकत घेत नाही. पुढे मात्र सरकायचं नाही. खाली मी सांगतोय ते मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, नियमपुस्तकानुसार आहे.

चौकट २० फूट लांब आणि १० फूट रुंद असते आणि फाउल लाइनपासून १५ फूट अंतरावर असते. फलंदाजी करणाऱ्या संघाने दोन कोच उभे करायचे, एक पहिल्या बेसजवळ आणि एक तिसऱ्या. दोनच, आणि दोघेही संघाच्या गणवेशात. क्रिकेट बघणाऱ्याला हे विचित्र वाटेल, कारण तिथे फलंदाजी करणाऱ्या संघाचे दोन फलंदाज सोडले तर कोणी मैदानात नसतं. बेसबॉलमध्ये मात्र खेळत नसलेली, पण खेळावर परिणाम करू शकणारी दोन माणसं सतत आत उभी असतात. त्यांना कुठेतरी बांधून ठेवणं भागच होतं.

फटका मारलेला चेंडू आपल्याला ओलांडून पुढे जाईपर्यंत कोचने चौकटीपेक्षा होम प्लेटच्या जवळ किंवा फाउल लाइनच्या जवळ यायचं नाही. चेंडू पुढे गेला की हे बंधन सैल होतं.

आता टीव्हीवर दिसतं ते. कोच थोडा बाहेर उभा राहतो ही जुनी वहिवाट आहे आणि खुद्द नियमपुस्तकाच्या टिपेत ती मान्य केलेली आहे. समोरच्या संघाच्या मॅनेजरने (मुख्य प्रशिक्षकाने) तक्रार केल्याशिवाय पंच कोचला चौकटीबाहेर धरत नाहीत. एकदा तक्रार झाली की मात्र पंचांना नियम कडकपणे लावावा लागतो, आणि तोही दोन्ही संघांच्या कोचना. पहिली पायरी ताकीद देऊन चौकटीत जायला सांगणं. ऐकलं नाही तर सामन्याबाहेर. तक्रार करणाऱ्या मॅनेजरच्या स्वतःच्या कोचलाही लगेच रेघेच्या आत यावं लागतं. तक्रारी फारशा होत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं.

होम प्लेटकडे सरकू न देण्याचं पहिलं कारण खुणा. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पकडणारा कॅचर, चेंडू टाकणाऱ्या पिचरला कोणता चेंडू टाकायचा याची बोटांनी खूण करतो, मग एका बाजूला सरकून बसतो. कोच जितका पुढे येईल, तितकं त्याला हे स्पष्ट दिसतं आणि एका शब्दात तो फलंदाजाला सावध करू शकतो. नुसत्या डोळ्यांनी खुणा ओळखायला नियमात बंदी नाही, बंदी आहे ती उपकरणं वापरण्यावर. त्यामुळे जागेवर मर्यादा घालणं हाच त्यावरचा उपाय उरतो. २०२२ पासून मेजर लीगमध्ये पिचकॉम हे उपकरण आलं आणि कॅचर बटण दाबून पिचरला कोणता चेंडू टाकायचा ते कळवू लागला, म्हणून बोटांच्या खुणांचं महत्त्व घटलं. पण कॅचर फलंदाजाच्या बाजूला सरकून बसलाय की दूर, पिचरने ग्लव्हमध्ये चेंडू कसा धरलाय, हे अजूनही बघता येतंच.

इतिहासात आणखी एक कारण सापडतं. १८८० च्या दशकात सेंट लुईस ब्राउन्स संघाचा आर्ली लॅथम पिचर चेंडू टाकत असताना रेघेच्या कडेने ओरडत धावायचा. त्याच संघाचा चार्ली कॉमिस्की आणि इतर खेळाडू समोरच्या कॅचरच्या जवळ जाऊन त्याला वाटेल ते बोलायचे. कोचची जागा आखून देण्यामागे असल्या प्रकारांचा मोठा हात होता.

खेळ चालू झाल्यावर मात्र चित्र बदलतं, आणि मला या खेळातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो. समजा दुसऱ्या बेसवर धावपटू आहे आणि चेंडू आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानात, गेला. धावपटू मान खाली घालून तिसऱ्या बेसकडे सुटलाय, त्याच्या पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे तिसऱ्या बेसचा कोच. कोच चौकटीतच थांबला, तर धावपटू बेसवर पोचण्याआधीच त्याला ‘जा’ किंवा ‘थांब’ हे ठरवावं लागेल. म्हणून तो रेघेच्या बाहेरून होम प्लेटच्या दिशेने धावत खाली जातो. धावपटू बेसला वळसा घालून पुढे येतो तेव्हा कोच त्याच्या समोर असतो, आणि तेवढ्या वेळात आउटफिल्डरने चेंडू नीट उचलला की हातातून निसटला हे कोचला कळलेलं असतं. हात गोल फिरवला तर धाव, दोन्ही हात वर केले तर थांब, तळवे जमिनीकडे दाबले तर घसरत ये. आपल्या बेसवर खेळ होत असताना अशा इशाऱ्यांसाठी चौकट सोडायला नियमाची परवानगी आहे. अट एकच, खेळात कोणत्याही प्रकारे अडथळा यायला नको.

अडथळा म्हणजे काय, तेही ठरलेलं आहे. कोचने धावपटूला हात लावून किंवा धरून बेसवर परतायला अथवा निघायला मदत केली, असं पंचांचं मत झालं तर धावपटू बाद. होम रननंतर (चेंडू मैदानापार मारल्यावर) दिलेली टाळी यात येत नाही, कारण तिथे मदत काहीच होत नाही. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना कोच चौकट सोडून असं काही करू लागला की क्षेत्ररक्षकाने फसून चेंडू फेकावा, तरीही धावपटू बाद. फेकलेला चेंडू चुकून कोचला लागला तर खेळ तसाच चालू राहतो. कोचने मुद्दाम अडवला, तर धावपटू बाद.

एक गोष्ट बऱ्याच प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही. चौकट ही कोचच्या मालकीची जागा नाही. फाउल गेलेल्या, म्हणजे फाउल लाइनबाहेर गेलेल्या, उंच चेंडूचा झेल घ्यायला क्षेत्ररक्षक चौकटीत आला, तर कोचने बाजूला व्हायचं. झेल घेणाऱ्याला त्याने अडवलं, तर फलंदाज बाद आणि धावपटू आपापल्या बेसवर परत. अशा वेळी ‘मी माझ्या चौकटीतच होतो’ हा बचाव चालत नाही.

सुरक्षिततेची बाजू मला सर्वांत जवळची वाटते. ताशी १०० मैल वेगाने आलेला सरळ फटका सेकंदाला सुमारे १४७ फूट जातो. ९० फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला सेकंदाचा सहा दशांश भाग मिळतो. तो २० फूट पुढे सरकला, तर अर्धा सेकंदही उरत नाही. २२ जुलै २००७ रोजी आर्कन्सॉ राज्यातल्या नॉर्थ लिटल रॉक इथे टल्सा ड्रिलर्स या मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या स्तरावरच्या) संघाचे पहिल्या बेसचे कोच माइक कूलबॉ यांना असाच फाउल फटका मानेजवळ लागला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते ३५ वर्षांचे होते. २००८ पासून बेस कोचना हेल्मेट सक्तीचं झालं. त्याच हंगामाच्या सुरुवातीला मेजर लीगमधल्या डॉजर्स संघाचे कोच लॅरी बोवा यांना चौकटीत राहण्यावरून पंचांशी झालेल्या वादात सामन्याबाहेर काढलं गेलं आणि पुढे तीन सामन्यांची बंदीही झाली. अनेकांना ती शिक्षा जास्त वाटेल, मला नाही वाटत. माझं स्पष्ट मत असं की पुढच्या रेघेबाबत पंचांनी तक्रारीची वाट बघूच नये. खुणा चोरल्या जातात ही मॅनेजरची चिंता असेल, पण माणसाचा जीव ही समोरच्या मॅनेजरने तक्रार केली तरच विचारात घ्यायची बाब नाही.

तुम्ही मुलांच्या सामन्यांसाठी विचारत असाल, तर त्या स्पर्धेचं नियमपुस्तक वेगळं बघा, कारण चौकटीची मापं आणि शिक्षा बदलतात. लिटल लीग या मुलांच्या स्पर्धेत एखादा खेळाडूच बेस कोच म्हणून उभा राहू शकतो आणि तेव्हा त्याला हेल्मेट घालावंच लागतं. त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवा: चेंडू टाकला जाताना नजर फलंदाजावर ठेवायची, आणि जागा बदलायची असेल तर मागे सरकायचं.