कार्ड छाटलेलं होतं, पण विक्रेत्याला कळवलंत कधी?

इंदिरानगर, नाशिकच्या एका वाचकांनी पुण्याच्या संग्राहकाकडून प्लेयर्स या सिगारेट कंपनीच्या १९३८ च्या संचातलं ब्रॅडमनचं सिगारेट कार्ड (पाकिटातून मिळणारं चित्रकार्ड) ८५ हजारांना घेतलं. व्हॉट्सॲपवर विक्रेत्याने लिहिलं होतं, "कडा ओरिजिनल, आठच्या तोडीचं." कार्ड एप्रिलमध्ये मिळालं. पीएसए या कार्डांना दर्जाचा १ ते १० आकडा (ग्रेड) देणाऱ्या संस्थेकडून सप्टेंबरात ते आकडा न मिळता परत आलं, शेरा 'छाटल्याचा पुरावा', म्हणजे कडा मागाहून कापल्याचा. विक्रेत्याला त्यांनी कळवलं जानेवारीत. तो म्हणतो, "दिसायला झकास आहे ना?" सगळे पैसे परत मिळतील का?

बहुधा नाही. चार महिने गप्प बसलात, तिथेच घोडं अडलं. माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम ४२ सांगतं की वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरायचं. एप्रिल ते सप्टेंबर तपासणीत गेले, हे कोर्टाला पटवता येईल. पुढच्या महिन्यांचं काय सांगणार? अशी पत्रं वरचेवर येतात आणि प्रत्येकात शेरा आल्यानंतरची तारीखच गायब असते.

स्वीकार झाला की कलम १३(२) प्रमाणे कार्ड परत करण्याचा हक्क जातो, भरपाईचा राहतो. "आठच्या तोडीचं" विसरा, ते मत झालं. ८ ला पुढच्या बाजूचं सेंटरिंग, म्हणजे समोरासमोरच्या समासांचं प्रमाण, साधारण ६५/३५ च्या आत लागतं. समासाला पट्टी लावायला दोन मिनिटं पुरली असती. "कडा ओरिजिनल" हे मात्र वस्तूचं वर्णन आहे, कलम १५. दावा त्या दोन शब्दांवर उभा करा.

'झकास दिसतं' या बोलण्याला हसू नका. रंग ताजे आणि चित्र मधोमध असेल, तर कमी ग्रेडचं कार्डही चढ्या भावाने जातं. किमतीत फरक किरकोळ, असं तो म्हणणारच. म्हणून याच कार्डाच्या छाटलेल्या आणि न छाटलेल्या प्रतींचे लिलावात प्रत्यक्ष मिटलेले भाव जमवा. नुसते मागितलेले भाव कामाचे नाहीत. दुसरा बचाव याहून वाईट : "तुमच्याकडे गेल्यावर छाटलं." त्याला उत्तर म्हणजे विक्रीआधी त्याने पाठवलेले मूळ फोटो. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. ते पुराव्यात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइलची ओळख पटवणारा संगणकी आकडा) लागेल.

ग्राहक आयोगात नाशिकलाच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही. पण विक्रेता व्यापारी ठरेल का, याची शंका आहे. त्यात तुम्हीच पत्रात "पुढे विकून दोन पैसे करायचे होते" असं लिहिलंय, ते 'ग्राहक' ठरताना नडू शकतं. शिवाय निकालाला कायद्यात तीन महिने लिहिलेत, त्या हिशेबाने बसू नका. आयोगाची मुदत दोन वर्षं, दिवाणी दाव्याची तीन. दोन्ही एप्रिलपासूनच मोजा.

नोटीस याच आठवड्यात, स्पीड पोस्टाने. तीत रक्कम परत मागा आणि पर्यायी म्हणून किमतीतला फरक.