ॲलिगेटर लहान लहान होत गेली का?

प्रश्न : आमच्या पोरानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात म्हणत होते की डायनासोरच्या काळात ३५-४० फुटी ॲलिगेटर होती आणि तीच झिजत झिजत आता १२ फुटांवर आली. खरंय का हे? आणि आपल्या मांजरा नदीत खाली मगरी आहेत म्हणतात, त्या ह्यांच्यातल्याच का? – एक वाचक, लातूर

उत्तर : पोराला बघू द्या असले व्हिडिओ, विषय भारीच आहे, पण "तीच झिजत आली" हे काही खरं नाही. व्हिडिओतला प्राणी बहुतेक डायनोसुकस असणार. साधारण ८.२ ते ७.३ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत होता, लांबी १० मीटरच्या वर, आणि डायनासोरच्या हाडांवर त्याच्या दातांच्या खुणा सापडल्यात. पण तो आजच्या ॲलिगेटरचा खापरपणजोबा नाही, भावकीतला म्हणा, त्याची फांदी तिथंच संपली. आणि २०२५ ला आलेला एक अभ्यास तर म्हणतो की तो ॲलिगेटरच्या घराण्यातलाच नव्हता, त्याच्याही आधी वेगळा झालेला, खारं पाणी सोसणारा. मला हे पटतं, कारण तेव्हा अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र पसरलेला होता आणि ह्याची हाडं त्या समुद्राच्या दोन्ही बाजूंना सापडतात.

आता एवढा मोठा झाला कसा, मला तर ह्यातलं हेच सगळ्यात आवडतं. मगरीच्या पाठीवर हाडाचे खवले असतात, ते कापून बघितले की आत वर्षावर्षाची वळी दिसतात. ग्रेगरी एरिक्सन आणि ख्रिस्तोफर ब्रोशू ह्या शास्त्रज्ञांनी १९९९ ला डायनोसुकसची अशी वळी मोजली तर कळलं की तो काही जास्त वेगानं वाढत नव्हता, फक्त थांबतच नव्हता, आजची ॲलिगेटर पहिली काही वर्षं भराभर वाढते मग मंदावते आणि हा मात्र ३५ वर्षं त्याच वेगानं वाढत राहिला. पण एवढ्या देहाला खायला लागतं तेवढंच. थोडक्यात भागवणारी, महिनोन्‌महिने उपाशी राहू शकणारी जी भावकी होती ती ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपवणाऱ्या संकटातून निघाली. आजही नॉर्थ कॅरोलायनात थंडीत दलदल गोठली की ॲलिगेटर नुसतं नाक बर्फाबाहेर ठेवून पडून राहतात.

भारतातही एक राक्षस होता बरं का, शिवालिकच्या डोंगरातला ऱ्हॅम्फोसुकस. आधी त्याला ५०-६० फुटी म्हणायचे, नंतर नीट हिशोब केला तर २६ ते ३६ फूट निघाला, कारण हातात जबड्याचे तुकडेच जास्त होते. व्हिडिओतले आकडे असेच ताणलेले असतात.

राहिली मांजरा. तेलंगणात संगारेड्डीजवळ मांजरा अभयारण्यात मगरी आहेत, हे बरोबर ऐकलंत. पण ॲलिगेटर भारतात कुठंच नाही, ती अमेरिकेत आणि चीनमध्ये. आपली ती गोड्या पाण्यातली मगर, थुतरी रुंद असल्यानं फोटोत ॲलिगेटरसारखी दिसते खरी, पण तोंड मिटल्यावर खालचा चौथा दात बाहेर दिसला की समजायचं मगर, ॲलिगेटरचा तो आत लपतो.