शेकोटीची चौकट करा, पण टर्म विमा आधी

एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय ४१, पत्नी, ९ आणि ६ वर्षांची दोन मुलं, कमावते एकटे. दिवाणखान्यात इलेक्ट्रिक फायरप्लेस बसवून तिच्याभोवती लाकडी चौकट आणि वर मँटलची, म्हणजे शेकोटीच्या माथ्यावरची, फळी करायची आहे. सुताराचा अंदाज महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के. स्वतः केलं तर लाकूड-रंगाला १५ टक्के आणि हत्यारांना ३५, म्हणजे निम्म्या पगारात काम होईल. मेव्हण्यांच्या मते घर विकताना याचे तिप्पट पैसे वसूल होतील. "पैशांची सोय आहे. वीस महिन्यांपूर्वी टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) बंद करून गॅरंटीड परताव्याची पॉलिसी घेतली. टर्ममध्ये परत काहीच मिळत नव्हतं, एजंटनेच लक्षात आणून दिलं. आता त्या पॉलिसीवर कर्ज काढेन. स्वतः करू की सुताराला देऊ?"

स्वतः करा. पण आधी टर्म विमा बंद केल्याच्या तुमच्या वाक्याबद्दल बोलायला हवं, कारण ते वाचल्यापासून मला चौकटीपेक्षा त्याचीच काळजी लागली आहे.

हातात येणारा एका महिन्याचा पगार म्हणजे १, असं धरून सगळे आकडे लिहितो. इतर वाचकांनाही स्वतःचे आकडे घालून पाहता येतील.

तुमचा बंद केलेला टर्म विमा १२० पगारांचा होता आणि त्याचा वर्षाचा हप्ता पगाराचा पाचवा हिस्सा. नव्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता पूर्ण १ पगार आणि विमा हप्त्याच्या दहापट, म्हणजे १० पगार. घराचं कर्ज बाकी आहे ४० पगार. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीच्या हाती १० येतील आणि बँक ४० मागेल. घरखर्च महिन्याला अर्धा पगार. धाकटं मूल सज्ञान व्हायला १२ वर्षं आहेत, म्हणजे फक्त जेवणखाण, शाळा, औषधं यांनाच ७२ पगार लागतील. कर्ज धरून ११२. जुना १२० चा विमा नेमका मापाचा होता. पाचपट हप्ता भरून तुम्ही बारावा हिस्सा संरक्षण घेतलंत.

"परत काहीच मिळत नाही" हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचलंय की आता संताप येतो. टर्म विम्यात परत काही मिळत नाही म्हणूनच तो एवढ्या कमी हप्त्यात एवढं मोठं संरक्षण देऊ शकतो. विकणाऱ्याचं कमिशन हप्त्याच्या टक्क्यांत असतं, त्यामुळे हप्ता पाचपट झाला की त्याचं भलं होतं. त्याने तुमचं कर्ज किती, मुलं केवढी, हे विचारलं होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

आता "गॅरंटीड दुप्पट" पाहू. १२ वर्षं १-१ पगार भरायचा आणि २० वर्षं पुरी झाली की २४ मिळणार. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ९, सरासरी साडेचौदा. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की वार्षिक परतावा साधारण कळतो, हा जुना ठोकताळा. ७२ ला साडेचौदाने भागा: वर्षाला जेमतेम ५ टक्के. तुमच्या गृहकर्जाचा दर ९ टक्के आहे. म्हणजे ९ ने घेतलेलं कर्ज तसंच ठेवून तुम्ही ५ ने पैसे गुंतवताय. महागाई ६ टक्के धरली तर २० वर्षांनंतरचे ते २४ पगार आजच्या आठांच्या तोडीचेही नसतील.

आणि ज्या कर्जावर तुमची भिस्त आहे ते भरलेल्या हप्त्यांवर मिळत नाही, सरेंडर व्हॅल्यूवर, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली तर हाती येणाऱ्या रकमेवर, मिळतं. तुम्ही भरलेत २ पगार. पत्राला जोडलेल्या तक्त्याप्रमाणे आजची सरेंडर व्हॅल्यू ०.६. कंपनी त्याच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंतच जाते, म्हणजे अर्धा पगार. त्यावर व्याज. थकलं तर मुद्दल आणि व्याज दाव्याच्या रकमेतून कापून घेतात, म्हणजे ते १० सुद्धा पूर्ण १० राहणार नाहीत.

पत्राच्या तळाशी तुम्ही सहज लिहिलंय की सहा महिन्यांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. ही बारीक गोष्ट नाही. जुना टर्म विमा गोळी सुरू होण्याआधीचा आणि कमी वयाचा होता. म्हणून पहिलं काम: जुन्या कंपनीला लेखी विचारा की बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करता येईल का. त्यासाठी ठरावीक मुदत असते. थकलेले हप्ते, त्यावरचं व्याज आणि आरोग्याचं निवेदन द्यावं लागतं, कदाचित तपासण्याही होतील. जमलं तर हप्ता बहुधा जुन्याच दराने राहील. नाही जमलं तर नवा टर्म घ्या. वय आणि गोळी धरून पाव पगार हप्ता येईल असं समजून चाला. फॉर्मवर गोळीचं नाव, डोस, कधीपासून, सगळं लिहा. एजंट "सोडून द्या, कोण बघतंय" म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी निघते, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसता.

टर्मचा कागद हातात येईपर्यंत सध्याच्या पॉलिसीला हात लावू नका. आजघडीला तेवढंच संरक्षण आहे. तिसरा हप्ता चार महिन्यांनी आहे, तोवर हे होण्यासारखं आहे.

त्यानंतर पॉलिसी सरेंडर करा, असं माझं मत. २ भरून ०.६ हाती येणं जिवाला लागतं, कळतं मला. पण गेलेले १.४ पुढचे दहा हप्ते भरूनही सुटे परत येत नाहीत. आजपासूनचा हिशेब मांडला, ०.६ आणि पुढचे १० हप्ते गुंतवून १८ वर्षांनी २४, तर परतावा ६ टक्क्यांच्या आसपास निघतो. तेच पैसे गृहकर्जात भरले तर ९ टक्के व्याज वाचतं, तेही कोणत्याही गॅरंटीपेक्षा पक्कं. सरेंडरच्या रकमेवर कर लागतो का, एवढं आधी विचारून घ्या.

आता चौकट. तुमच्या अंदाजात फायरप्लेसचं युनिटच धरलेलं नाही. ते ०.३, आणि त्याला वेगळा विजेचा पॉइंट, ०.०५. हीटर साधारण दीड ते दोन हजार वॅटचा असतो; तो एक्स्टेन्शन बोर्डावर चालवायचा नसतो. हत्यारांचे ०.३५ मात्र जास्त आहेत. माइटर सॉ (कोनात कापणारी करवत) आणि सँडर (घासून गुळगुळीत करायचं यंत्र) दोन-तीन दिवस भाड्याने किंवा ओळखीच्या सुताराकडून आणा. नक्षीच्या पट्ट्या तयार मिळतात, त्यामुळे नक्षी कोरणाऱ्या राउटरची गरज नाही. ड्रिल, चार क्लॅम्प आणि चांगला गुण्या विकत घ्या, ०.०७ मध्ये होईल. पहिल्याच कामात पंचेचाळीस अंशांचे काही कोपरे चुकणार, म्हणून लाकूड पाचव्या हिश्शाने जास्त धरा. सगळं मिळून पाव पगार. युनिट आणि वायरिंगसह ०.६. सुताराकडून ०.९५ झाले असते.

रंगच द्यायचा असेल तर खांब आणि आडवी पट्टी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तक्त्याची, करा. ऋतू बदलला की लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं आणि कोपऱ्याचे सांधे उघडतात. एमडीएफमध्ये हा त्रास फार कमी. फक्त ते पाण्यापासून जपा आणि कापताना मास्क लावा. १८ मिलिमीटरचा आठ बाय चार फुटांचा तक्ता चाळीस किलोच्या घरात जातो, एकट्याने उचलू नका. वरच्या फळीला मात्र खरं लाकूड घ्या, कारण हात तिलाच लागतो आणि नजरही. तेल-पॉलिश करणार असाल तर जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. मोकळ्या पसरून वाळवा.

आणि तिप्पट किमतीचा विचार मनातून काढून टाका. घर घेणारा माणूस जागा, क्षेत्रफळ आणि दुरुस्ती बघतो. तुमची चौकट त्याला आवडेल, किंवा तो ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकेल. परतावा शून्य धरा. घरच्यांना आनंद होणार आहे, तेवढं कारण पाव पगाराला पुरेसं आहे.

पैसे कुठून? आज पगारातले ४० टक्के कर्जाच्या हप्त्यात, ५० घरात, ८ या पॉलिसीत जातात आणि अडीअडचणीला शिल्लक फक्त १ पगार. पॉलिसी थांबली की वर्षाला १ सुटतो, टर्मचा पाव गेला की ०.७५ उरतात. सरेंडरचे ०.६ सरळ शिल्लकीत टाका, ती १.६ होईल. यंदाच्या ०.७५ मधून पाव पगाराची चौकट करा आणि अर्धा शिल्लकीत टाका. पुढच्या वर्षी युनिट आणि वायरिंग. शिल्लक साडेपाच पगारांपर्यंत, म्हणजे सहा महिन्यांच्या खर्चाइतकी झाली की त्यानंतरचा प्रत्येक सुटा पैसा गृहकर्जात भरा.

युनिट वर्षभराने येणार असलं तरी मॉडेल आजच ठरवा आणि त्याची माहितीपुस्तिका मिळवा. मधल्या जागेची रुंदी-उंची, वर आणि बाजूंना सोडायचं अंतर, गरम हवा बाहेर पडायची वाट, हे सगळं त्यात असतं. ते न बघता चौकट केली तर पुढच्या वर्षी तीच कापावी लागेल. तोवर मधे रंगवलेली प्लायची फळी बसवा, आणि त्या जागेत मेणबत्त्या लावायचा मोह नको.

जुन्या टर्म कंपनीचं उत्तर आलं की तेवढं कळवा. पुन्हा चालू करताना त्यांनी रक्तदाबापोटी जादा हप्ता लावला तर तो नव्या टर्म विम्याच्या हप्त्याशी ताडून पाहू.