आधी पाय, मग हात

अनेक आशीर्वाद.

ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकायचं ठरवलंस हे उत्तम. पण त्यासाठी इतके व्हिडिओ साठवून ठेवलेस, त्यांतला एकच ठेव. कोणता, तेही सांगते: ज्यात शिकवणाऱ्याची पावलं सतत दिसतात तो. बहुतेकांचा कॅमेरा हातांवरच खिळलेला असतो, कारण देखणे तेच दिसतात. खरं काम खाली चाललेलं असतं.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे एकही मुद्रा शिकू नकोस. नुसतं उभं राहा. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर, गुडघे किंचित सैल. आता अंगाचा सगळा भार सावकाश उजव्या पायावर ने, इतका की डावं पाऊल जमिनीवरून अलगद सुटू शकेल. उचलायचं नाही, सुटतंय का एवढंच पाहायचं. मग तितक्याच सावकाश डावीकडे. डोक्यावर भरलेली घागर आहे असं समज: वरखाली व्हायचं नाही, कलंडायचं नाही. दिसायला किरकोळ वाटतं, पण पाच मिनिटांत मांड्या भरून येतात.

हे जमलं की चालायला लाग. एरवी चालताना आपण पुढच्या पायावर जवळजवळ पडतो आणि तो आपल्याला झेलतो. इथे मागच्या पायावर उभं राहूनच पुढची टाच टेकवायची, तिच्यावर काहीही न टाकता. वाटलं तर पाऊल परत घेता आलं पाहिजे. तळवा पूर्ण टेकला की मगच भार पुढे. चिनी शिक्षक रिकामा पाय आणि भरलेला पाय असं सांगतात ते हेच. एकदा हे अंगात मुरलं की हात कंबरेच्या मागोमाग आपसूक येतात. उलट क्रमाने शिकणाऱ्यांचे हात छान फिरतात आणि वळताना तोल जातो.

एवढा आग्रह का, तर 2013 साली कॅनडातल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासी केंद्रांतली पडण्याची चित्रीकरणं तपासली. घसरून पडणारे अगदी थोडे निघाले. सर्वांत मोठं कारण होतं भार चुकीच्या तऱ्हेने सरकणं. ताई ची नेमकी तीच गोष्ट घोटवून घेते. 2012 साली अमेरिकेत पार्किन्सनच्या 195 रुग्णांवर 24 आठवडे प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा ताई ची करणाऱ्यांचा तोल, नुसतं स्ट्रेचिंग किंवा ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला, आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. तू तरुण आहेस, पडण्याची भीती तुला आज वाटणार नाही. पण तोल तयार करायला म्हातारपणाची वाट पाहायची गरज नाही.

ताई चीच्या वेगवेगळ्या शैलींपैकी कोणती शिकावी, हा प्रश्न तुला वाटतो तेवढा मोठा नाही. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातून ही कला एकोणिसाव्या शतकात यांग लुचान यांनी बीजिंगला नेली. त्यांचे नातू यांग चेंगफू यांच्या हातून तिला आजचं संथ, मोकळं, एकसारख्या गतीचं रूप आलं. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने त्याच यांग शैलीवरून 24 हालचालींचा छोटा संच बांधला. पाच-सहा मिनिटांत होतो. तोच घे. चेन शैलीत मधूनच झटक्याने जोर सोडतात, ती तुला आवडेल असं वाटतं, पण नंतर. गुडघ्यांची तक्रार असलेल्या कोणाला बरोबर घेणार असशील तर सुन शैली बघ, तिच्यात फार खाली बसावं लागत नाही.

श्वासाचं एवढं मनावर घेऊ नकोस. नाकाने, नेहमीसारखा चालू दे. कोणत्या हालचालीला आत आणि कोणत्या हालचालीला बाहेर हे मोजायला लागलं की श्वास अडकतो आणि खांदे वर चढतात. मन शांत होईल का, असं विचारलंस. पुष्कळदा होतं, कारण भार कुठवर आला याकडे खरंच लक्ष दिलं तर दुसऱ्या विचाराला जागा उरत नाही. काही दिवस नाही होत. त्या दिवशीही मांड्यांना व्यायाम मिळतोच. ‘ची’ नावाच्या ऊर्जेबद्दल पुष्कळ ऐकायला मिळेल, ते ऐकून घे. मात्र ताई चीने औषधं सुटतात असं कोणी म्हणालं तर त्या वर्गात पुन्हा जाऊ नकोस.

गुडघ्याचं मात्र नीट ऐक. वाकलेला गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहिला पाहिजे, आत ढळता कामा नये आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये. वळायचं असेल तर आधी पाऊल वळव, मग भार टाक. भरलेल्या पायावर उभं राहून गुडघा पिळला की दुखणं ठरलेलं. मांडी दुखली तर चालू ठेव. गुडघा दुखला तर कमी वाक, पावलं आखूड टाक. तरीही दुखत राहिला तर थांब आणि डॉक्टरांना दाखव. नेमक्या कोणत्या वळणावर दुखतं ते मला लिही, बाजूने काढलेला व्हिडिओ असेल तर फार बरं.