एडिंबरातली लांब वांगी: फुलं येतात पण फळ धरत नाही

प्रश्न: माझी मुलगी स्कॉटलंडला, एडिंबरात असते. तिनं घरामागच्या बागेत ती लांब बारीक जपानी वांगी लावलीत. रोपं एप्रिलअखेर बाहेर लावली, आता जुलै आला तरी झाड वीतभरच, पानं पिवळट, चारदोन फुलं आली तीही गळाली. खत वाढवू का विचारते. इथून गोव्यातून आगशी गावच्या वांग्यांचं बी पाठवलं तर चालेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: ताई, खत आधी बंद करायला सांगा. झाड गारठलंय, आणि गारठलेली मुळं खत उचलतच नाहीत. पणजीत जानेवारीच्या पहाटे आपण शाल शोधतो तेव्हा पारा साधारण २० वर असतो, आणि एडिंबरात जुलैच्या भर दुपारी तेवढंच, १९-२०, रात्री तर ११ च्या आसपास, मग वांग्यानं करायचं काय? रात्री १५ अंशांच्या खाली गेलं की पराग नीट तयार होत नाहीत, फूल उमलतं आणि देठासकट गळून पडतं. १० च्या खाली वाढच थांबते. तिकडे उघड्यावर वांगी होणं कठीण, पण काचेआड होतात आणि चांगली होतात.

आता झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद काढून १०-१२ लिटरच्या काळ्या कुंडीत लावायचं (काळा रंग ऊन शोषतो, माती गरम राहते) आणि ग्रीनहाऊस असेल तर तिथे, नसेल तर दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवायचं, तिकडे ऊन दक्षिणेकडूनच येतं. रात्री खिडकी बंद. पाणी घालताना नळाचं बर्फासारखं नको, घरात ठेवलेलं घाला.

आत आणलं की भुंगे येत नाहीत, ते काम हातानं करायचं. वांग्याचे पराग पुंकेसरांच्या टोकाच्या बारीक भोकांतून पडतात, हादरा बसल्याशिवाय सुटत नाहीत. फूल उमललं की त्याच्या मागच्या देठाला इलेक्ट्रिक टूथब्रश दोनतीन सेकंद टेकवायचा, नाहीतर बोटानं टिचक्या मारायच्या. आणि फुलात डोकावून बघायला सांगा, पिवळ्या पुंकेसरांच्या मधून हिरवट टोक बाहेर आलेलं दिसलं तर ते फूल धरणारं, टोक आतच दडलेलं असेल तर ते बहुतेक गळणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. काचेआड कोरड्या हवेत लाल कोळी लागतो, पानांच्या मागे बारीक जाळी दिसली की पाण्याचा फवारा मारायचा.

पुढच्या वर्षी बी फेब्रुवारीतच घरात पेरायचं, रुजायला २४ ते ३० अंश ऊब लागते, हीट मॅट (कुंडीखाली ठेवायची विजेची गरम चटई) मिळते ती घ्यावी. जात लवकर येणारी हवी. ओरिएंट एक्सप्रेस ही लांब बारीक जात थंडाव्यातही त्यातल्या त्यात बरी धरते. बटाटा-टोमॅटो लावलेल्या मातीत वांगं नको, मर रोग येतो.

आगशीचं बी मात्र नका पाठवू. ते वांगं मोठं, कापं करावीत असं, पण त्याला भरायला आपल्याकडचा लांबलचक उबदार हंगाम लागतो. शिवाय ब्रिटनमध्ये बाहेरून बी न्यायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियाण्यात रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, पाकिटात घालून पाठवलं तर जप्त होऊ शकतं. लांब वांग्यांचीही कापं होतात, फक्त तिरकी कापायची आणि साल चकचकीत आहे तोवर तोडायची, साल मंद पडली की आत बिया झाल्याच समजा.