गेटवर कोण आहे?

प्रिय ताई,

माझं वय ४६, यांचं ४९. हे चाकणच्या एका कारखान्यात २४ वर्षं पर्चेसमध्ये होते. दिवाळीनंतर राजीनामा दिला आणि आता झाडं छाटतात. 'आर्बोरिस्ट' असं कार्ड छापून घेतलंय. दोर, हेल्मेट, करवती यांनी अर्धी बाल्कनी भरलीय. कुठलंसं प्रशिक्षणही करून आले. घराचं कर्ज फिटलंय, मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, माझी नोकरी आहे (मी एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर-इनचार्ज), तेव्हा पैशांची तशी ओढाताण नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊजी हल्ली झाडावरच असतात म्हणे!" सगळ्या हसल्या. मी वाण घेऊन तशीच घरी आले. रविवारी हे आमच्याच सोसायटीतल्या गुलमोहरांचं काम करतात, मला खाली ये म्हणतात. मी जात नाही. सोसायटीचा वॉचमन दोर धरतो. उद्या मुलीला बघायला येतील, वडील काय करतात विचारतील, तर काय सांगू? यांना परत नोकरी धरायला लावू, की मन मारून गप्प बसू?

— एक पत्नी, पुणे

बाई,

तुमचं पत्र चार पानी होतं, इथे थोडक्यात छापलंय. मूळ पत्रात जाऊबाईंना दीड पान आहे, मुलीच्या अजून न ठरलेल्या लग्नाला एक, यांच्या हट्टी स्वभावाला उरलेलं सगळं. आणि मध्येच कुठेतरी चार शब्द: सोसायटीचा वॉचमन दोर धरतो.

त्या चार शब्दांनंतर मला पुढचं पत्र धड वाचताच येईना. डोळ्यांसमोर एकच चित्र. रविवारची सकाळ, तीस फुटांवर चालू करवत घेतलेला तुमचा नवरा, खाली दोर धरून वॉचमन, आणि गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवतंय.

वॉचमन काय करेल? गेट उघडायला जाईल. जायलाच हवं, पगार त्याचाच मिळतो त्याला.

दोर धरतो म्हणजे नेमकं काय धरतो, हे तुम्ही कधी विचारलंत का? मी सांगते. झाडावर चढलेला माणूस स्वतःच्या दोरावर असतो. आवळली की धरणारी, सैल केली की सरकणारी गाठ असते, तिच्यावर तो आपला आपण वरखाली होतो. खालच्याच्या हातात असतो तो कापलेल्या फांदीचा दोर. फांदी बांधायची, कापायची आणि ती धाडकन न पडता सावकाश खाली उतरवायची, खालच्या गाड्या, कौलं, माणसं वाचवत. वीतभर जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी क्विंटलभर भरते. म्हणून तो दोर बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन धरतात, म्हणजे भार घर्षणावर जातो, हातावर येत नाही. नवखा माणूस काय करतो? घट्ट धरायचं म्हणून मनगटाला गुंडाळतो. तुमच्या वॉचमनने गुंडाळला असेल तर फांदीबरोबर त्याचा हातही जाईल.

हा झाला सोपा भाग. खालच्या माणसाचं खरं काम वेगळंच आहे. वरचा बेशुद्ध झाला, करवत लागली, मधमाश्या उठल्या, तर त्याला खाली आणायचं. पट्ट्यांत निपचित लटकलेला माणूस मिनिटांच्या हिशेबात धोक्यात जातो. अग्निशमन दलाची गाडी सिग्नल ओलांडत येईपर्यंत थांबता येत नाही. ब्रिटनमध्ये या धंद्याला सरळ 'ट्री सर्जन' म्हणतात आणि तिथला नियम असा, की झाडावर माणूस असताना जागेवर किमान दोघं हवेत, आणि खालच्यांपैकी एकाला तत्काळ वर चढून सुटका करता आली पाहिजे. नुसतं चढता येऊन चालत नाही, त्याचं सामान त्याच्यापाशी तयार हवं.

तुमच्या वॉचमनपाशी काय आहे? काठी आणि व्हिजिटर्सचं रजिस्टर.

आता ते कंसातलं वाक्य. थिएटरची सिस्टर-इनचार्ज! हे तुम्ही कंसात लिहिलंत, पगार आहे एवढंच सांगायला. अहो, पोट शिवायची वेळ आली आणि मॉपचा, म्हणजे रक्त टिपायच्या कापडांचा, हिशेब जुळत नसेल, तर कितीही मोठ्या सर्जनला "सर, थांबा" म्हणणारी बाई तुम्ही. समजा उद्या एखादे नामांकित डॉक्टर म्हणाले, "आज असिस्टंट आलेला नाही, लिफ्टमनला ग्लोव्ह्ज घाला आणि चिरा उघडा धरायचा रिट्रॅक्टर द्या त्याच्या हातात." तुम्ही त्यांना आत तरी येऊ द्याल का? आणि तुमच्याच खिडकीखाली गेले कित्येक रविवार हेच चाललंय, आणि तुम्ही वर बसून जाऊबाईंचं वाक्य चघळताय.

रागावले आहे, हो. पण तुम्ही खाली का जात नाही यावर मी बराच विचार केला. लोक खिडकीतून बघतील, खाली गेलं की मान्य केल्यासारखं होईल, हे कारण आहेच. ते सांगता येण्याजोगं, म्हणून तुम्ही तेच सांगितलंत. दुसरं असं, की त्या अख्ख्या सोसायटीत तीस फुटांवरून पडलेला माणूस आतून कसा दिसतो हे फक्त तुम्हाला माहीत आहे. माडावरून पडलेले, स्लॅबवरून पडलेले, तुम्ही ते टेबलावर पाहिलेत. खाली उभं राहून वर बघायची तुमची हिंमत होत नसणार. मला तरी झाली नसती. हे खरं असेल तर ते यांना सांगितलंय का? की "लोक हसतात" एवढंच त्यांच्या कानावर घातलंय? कारण लोक हसतात याला त्यांच्यापाशी उत्तर आहे. तुमच्या भीतीला नसावं.

यांच्याही बाजूने मी फारशी नाही. २४ वर्षं पर्चेसमध्ये काढलेला माणूस! तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा बोल्ट घेतला नसेल. करवत आणली, हेल्मेट आणलं, कार्ड छापलं, आणि ज्याच्यावर जीव टांगायचा तो खालचा माणूस मात्र फुकटात, गेटवरून उचलून. प्रशिक्षणात त्यांना हे नक्की सांगितलेलं असणार. करवत चालू असताना दोन ठिकाणी बांधून घ्यायचं असतं हेही सांगितलं असेल, कारण त्या यंत्राला फांदी आणि दोर यांतला फरक कळत नाही. ते दोनदा बांधून घेतात का, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही बघितलेलंच नाही.

'लाकूडतोड्या' हा शब्द तुमच्या मूळ पत्रात तीनदा आलाय. तो काढून टाका, चुकीचा आहे. लाकूडतोड्याला झाड आडवं करायचं असतं. या कामात झाड उभं ठेवायचं असतं, आणि ते अवघड आहे. तुमच्याकडे जखम भरून येते, नवी कातडी येते. झाडाची भरत नाही. कुजलेला भाग झाड आतल्या आत भिंती घालून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. अॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन वनखात्यातल्या शास्त्रज्ञाने हजारो खोडं चिरून हे दाखवून दिलं. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासला की कुजणं थांबतं, ही समजूतही त्यानेच मोडीत काढली. आपल्याकडे अजून फासतात. म्हणजे सगळा खेळ कापण्याच्या जागेचा. फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर कडा असतो, तो राखून कापायचं. खोडाला चिकटून कापलं तर झाडाची भिंत घालायची जागाच गेली, लांब कापलं तर खुंटा कुजत आत जातो. जड फांदी एका घावात कापली तर पडताना खालची साल सोलत नेते. म्हणून आधी थोडं लांब, खालून एक काप, मग त्याच्या जरा पुढे वरून दुसरा, फांदी सुटते, आणि उरलेला खुंटा तिसऱ्या कापात त्या कडेशी. तीन काप. ठेकेदाराची माणसं मे महिन्यात एकाच घावात झाड बोडकं करून जातात, ते तुम्ही पाहिलंच असेल.

त्यात तुमचे गुलमोहर. मूळचे मादागास्करचे, दिसायला राजस, लाकडाने ठिसूळ, फांद्या आडव्या पसरलेल्या. वरून धडधाकट दिसणारी फांदी आतून पोकळ निघू शकते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "वरून सपाटच करून टाका ना" म्हटलं की यांचं उत्तर काय असतं, ते विचारा. "नाही" म्हणत असतील तर माणूस कामाचा आहे. "हो" म्हणत असतील तर मला परत पत्र लिहा, मग मी जाऊबाईंच्या बाजूने लिहीन.

नोकरी परत धरायला लावायची का? नाही. कर्ज नाही, तुमचा पगार आहे, मुलगी मार्गी लागलीय. पन्नाशीच्या उंबरठ्यावर एवढं पाठबळ किती जणांना मिळतं? आणि वडील काय करतात हे मुलगी सांगेल, तिला लाज वाटत असल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही.

तर या रविवारी सकाळी, त्यांनी पट्टे बांधायच्या आधी, तुम्ही खाली जायचं. दोराला हात लावायचा नाही, तुम्हालाही तो येत नाही. वॉचमनला म्हणायचं, "तुम्ही गेटवर जा." मग यांना म्हणायचं, शिकलेला दुसरा माणूस खाली नसेल तर आजपासून वर चढायचं नाही. थिएटरमधल्या आवाजात म्हणायचं, घरातल्या नाही. ते म्हणतील परवडत नाही. मग दर वाढवा. म्हणतील माणूस मिळत नाही. पुण्यात? दर शनिवार-रविवारी सह्याद्रीतल्या सुळक्यांवर दोर लावणारी किती पोरं या शहरात आहेत! गाठी त्यांना येतात, झाड यांनी शिकवावं. ठेकेदारांकडे काथ्याच्या दोरावर अनवाणी चढणारी माणसंही आहेत, झाड त्यांना येतं, त्यांना पट्टे द्यावेत.

आणि तुमच्या थिएटरच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची ती एका पानाची यादी असेल. भूल देण्याआधी काय, चिरा देण्याआधी काय, पेशंट बाहेर नेण्याआधी काय. तशीच एक झाडासाठी लिहून काढा, तुमच्याइतकं चांगलं ते कुणाला जमणार नाही. पेशंटच्या संमतीच्या जागी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी. आपल्याकडे नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे आणि स्वतःच्या अंगणातलं झाडही मनात आलं म्हणून तोडता येत नाही. वीजतारा कुठून जातात आणि त्या बंद आहेत का. घरटी, पोळं. खालच्या गाड्या हलवल्या का. दोरखंड लावून जागा बंद केली का, आणि शाळकरी पोरं सायकली घेऊन येण्याच्या वाटेवर कोण उभं आहे. सुटकेचा दुसरा दोर आधीच वर लावलाय का. यादीवर खूण झाल्याशिवाय करवत सुरू नाही.

माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, नारळ पाडायला माणूस यायचा तेव्हा आजी आगरात खुर्ची टाकून बसायची. तो माडावर असेपर्यंत उठायची नाही. एकदा स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन चूल विझली, आम्ही पोरांनी ओरडून सांगितलं, तरी तिने मान वळवली नाही. "जाऊ दे," म्हणाली, "तो खाली उतरू दे." आम्हाला वाटायचं ती नारळ मोजतेय.

एक राहिलं. त्या वॉचमनला या कामाचे काही पैसे मिळतात का, हे तुमच्या चारही पानांत नाही. रविवारी त्याला गेटवर पाठवण्याआधी तेवढं विचारा, आणि मिळत नसतील तर मागच्या सगळ्या रविवारांचे पर्चेसवाल्यांकडून वसूल करून द्या.