प्रो स्नूकर खेळायचंय? आधी हे वाच

बारावी सोडून पूर्णवेळ स्नूकर खेळू का, असं विचारतोयस. सोडू नकोस. निदान राष्ट्रीय स्पर्धेत सातत्याने बाद फेरी गाठेपर्यंत तरी नाहीच.

वर्ल्ड स्नूकर टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, जायची एक मुख्य वाट म्हणजे क्यू स्कूल ही पात्रता स्पर्धा. त्यातून निघालास की दोन वर्षांचं टूर कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, मिळतं. तेवढ्यात बक्षिसांच्या रकमेवरच्या क्रमवारीत पहिल्या 64 मध्ये आला नाहीस, तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून. मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा 2023 मध्ये याच वाटेने गेला. मुंबईच्याच आदित्य मेहताने 2013 मध्ये इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली होती. म्हणजे आपल्या पोरांना हे जमतं. पण विमानभाडं, इंग्लंडमधलं राहणं, टेबलाचं भाडं, हे सगळं बक्षिसाच्या आधी लागतं. घरच्यांसमोर दोन वर्षांचा हिशेब कागदावर मांड.

आता सराव. रोज आल्या आल्या व्हाइट, म्हणजे क्यूने मारायची पांढरी बॉल, ब्राऊनच्या स्पॉटवर (टेबलावरच्या खुणेवर) ठेव आणि ब्लू, पिंक, ब्लॅकच्या स्पॉटवरून सरळ मार. समोरच्या कुशनला लागून ती त्याच रेषेत परत क्यूच्या टोकाशी यायला हवी. जरा जरी बाजूला सरकली, तर नकळत साइड, म्हणजे बॉलला आडवी फिरकी, लागतेय. कंटाळा येईल, तरी हे टाळू नकोस. लांबचे पॉट, म्हणजे लांबून बॉल खिशात घालणं, इथेच दुरुस्त होतात.

आणि क्लबात पैज लावून खेळणं बंद कर. त्यात सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका न देणारा बचावाचा खेळ, शिकायला मिळत नाही. तुझ्यापेक्षा चांगला खेळणारा गाठ, आणि त्याच्याशी रोज हरलास तरी चालेल.